मांजराचं पिल्लू, मागचा पाय लोंबतोय. रात्र कशी काढू? तातडीने सांगा

अंगणवेल | रविवार, रात्री ९.४०

मांजरं पाळणारं कुणी जागं असेल तर कृपया लगेच उत्तर द्या.

मी साताऱ्यात आहे. सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. साडेसातला पार्किंगमध्ये एका स्कूटरखालून बारीक रडणं ऐकू आलं. वाकून मोबाइलचा उजेड टाकला तर चाकाला चिकटून एक पिल्लू बसलेलं. करडं, पोटाखाली पांढरं, कपाळावर एक काळा ठिपका, भिजून चिंब. हात पुढे केला तर सरपटत मागे गेलं आणि तेव्हा दिसलं, उजवा मागचा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबतोय. तो फरशीला घासला की ओरडायचं आणि लगेच गप्प व्हायचं. तासभर वाट पाहिली, त्याची आई काही आली नाही.

पंच्यात गुंडाळून घरी आणलंय. स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर पातेल्यात बसवून वजन केलं, ५५० ग्रॅम भरलं. दात आलेत, डोळे अजून निळसर आहेत. नडगीवर खरचटलंय, सूज आहे. सासूबाई हळद लावू म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात, पॅरासिटामॉलचा पाव तुकडा दुधातून दे, कळ थांबेल. दूध कोमट करून ठेवलंय. मला माहीत असलेले दोन्ही दवाखाने आता बंद आहेत. काय करू?

रातवा | ९.४६

पॅरासिटामॉल देऊ नका! पाव नाही, कणभरही नाही.

मांजराच्या यकृताला हे औषध पचवून बाहेर टाकता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं आणि जीव जातो. आमच्या वाड्यातली मनी अशीच गेली. घरच्यांनी मायेनेच दिली होती गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, माणसांची कुठलीच वेदनाशामक गोळी चालत नाही.

अंगणवेल | ९.४८

नाही दिली. वाटी उचलून मोरीत ओतली. तुम्ही वेळेवर सांगितलंत.

गोठावैद्य | ९.५५

मी पशुवैद्य आहे, कोकणात सरकारी दवाखान्यात. गाई-म्हशी जास्त, पण मांजरंही येतात. न बघता औषध सांगणार नाही, पण रात्र निभावता येईल.

पाय जरा बाजूला ठेवा, आधी पिल्लू बघा. वरचा ओठ उचलून हिरड्या पाहा, गुलाबी आहेत का. श्वास तोंड उघडून घेतंय का? गाडीखाली आलेल्या पिल्लाला छातीत मार असू शकतो आणि तो पायापेक्षा घातक. शेपूट हलते का, दुसरा मागचा पाय ओढून घेतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शू झाली का. कमरेच्या हाडाला मार असेल किंवा मूत्राशय फुटलं असेल तर शू अडकते. फाटका सुती कपडा खाली घाला म्हणजे ओल लगेच कळेल.

आता ऊब. कोरडं करून बाटलीत गरम पाणी भरा, बाटलीला जाड कापड गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. अंग गार असताना काही भरवू नका, पचत नाही आणि ठसका लागतो. अंग उबदार झालं की थोडं खायला द्या.

गाईचं दूध नको, जुलाब होतील. दात आलेत म्हणजे खाऊ शकतं. चिकन बिनमिठाचं, बिनकांद्या-लसणाचं उकडून बोटांनी कुस्करून त्याच्याच पाण्यात पातळ करा.

चिंचगूळ | १०.०२

आइस्क्रीमच्या दोन काड्या लावून पट्टी बांधता येईल का पायाला? शाळेत प्रथमोपचारात शिकवलं होतं.

गोठावैद्य | १०.०७

माणसाच्या हाताला ठीक, पण इथे नको. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरले तरच आधार मिळतो. घरी बांधलेली पट्टी हमखास खाली घसरते आणि नेमकी मोडलेल्या जागी लटकते. मग तिच्याच वजनाने पाय जास्त हेलकावे खातो, हाडाचं टोक कातडीतून बाहेर येऊ शकतं. खोकं छोटं घ्या, हलायला जागा ठेवू नका. आजच्या रात्रीपुरती हीच पट्टी.

जखमेला हळद, तूप, राख काही नको. अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घाला, गार करा आणि त्याने कापसाने पुसा. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात, ती चाटून पोटात जातात. आणि पावसाळा आहे, जखमेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले तर ती माश्यांची अंडी. दिवसभरात अळ्या होतात. दिसलं तर लगेच सांगा.

अंगणवेल | ११.३०

हिरड्या गुलाबी. श्वास नाकाने. शेपूट हलते. अंडी नाहीत, नखाने केस बाजूला करून सगळीकडे बघितलं. चिकनचं पाणी लपालपा प्यायलं आणि ११ वाजता शू केली! सासूबाईंनीच आधी ओला डाग बघितला आणि "झाली गं झाली" म्हणून मला हाक मारली.

बुटांच्या खोक्यात माझी जुनी सुती साडी घातलीय. मी शेजारी चटई टाकून झोपते.

गिरणगाव | ११.४१

धीर ठेवा. आमचा बोका तीन पायांचा आहे. परळच्या बैलघोडा रुग्णालयात दाखवलं तेव्हा पाय वाचणार नव्हता, कापावा लागला. आज सात वर्षांचा आहे आणि कपाटावर चढून बसतो. काही झालं तरी जगण्याला वाट असते, एवढंच सांगायचं होतं.

अंगणवेल | सोमवार, रात्री ८.१५

सकाळी नऊला इथल्या डॉक्टरांनी वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि एक्स-रेसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा म्हणाले. खंबाटकीच्या घाटात धुकं होतं, गाडी हळूहळू नेली. खोकं मांडीवर. प्रत्येक वळणाला एका हाताने खोकं आणि एका हाताने तिचं डोकं धरलं. हो, ती आहे. ठिपकी नाव ठेवलं.

एक्स-रे बघून मी घाबरले. गुडघ्याजवळ, घोट्याजवळ सगळीकडे काळ्या फटी. मला वाटलं पाय चार ठिकाणी मोडलाय. डॉक्टरांनी समजावलं, त्या वाढीच्या जागा, लहान पिल्लात हाड तिथूनच लांब होतं, मोठेपणी भरून जातात. खरं मोडलंय एकच: नडगीचं मोठं हाड, बरोबर मध्यावर. शेजारचं काडीसारखं हाड शाबूत आहे, त्यामुळे तुकडे फार सरकले नाहीत. मांडीचं हाड असतं तर पट्टीने भागलं नसतं, कारण खुब्याचा सांधा पट्टीत धरता येत नाही. मग आत सळई घालायला शस्त्रक्रिया लागली असती.

गुंगी देऊन कापूस, पट्टी आणि बाहेरून कडक आधार बांधलाय. मधली दोन बोटं मुद्दाम उघडी ठेवलीत. वय साधारण दीड महिना म्हणाले. तीन-चार आठवडे बंदिस्त ठेवायचं. उडी नाही, पळणं नाही, मांडीवर घेऊन खेळणंही नाही.

आणि गुंगी द्यायच्या आधी धरताना ती माझ्या अंगठ्याला चावली. दोन बारीक भोकं. धुऊन टाकलं.

गोठावैद्य | ८.२२

पिल्लाचं चांगलं झालं. आता तुमचं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पुरी १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, आधी धुतलं असलं तरी. पट्टी बांधू नका. आणि आजच सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. रस्त्यावरचं पिल्लू आहे, त्याला कोण चावून गेलं आपल्याला माहीत नाही. कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर सीरमबद्दलही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा. "एवढंसं पिल्लू" असं म्हणून थांबू नका, हात जोडून सांगतो.

अंगणवेल | १०.५०

घेऊन आले. रक्त आलं होतं, त्यामुळे सीरमही दिलं. पुढची तारीख गुरुवारी.

कॅरेटवाला | मंगळवार, सकाळी ७.१०

पिंजरा विकत घेऊ नका. टोमॅटोची दोन कॅरेटं घ्या, एक सरळ, त्यावर दुसरं पालथं, एका बाजूला सुतळीने बिजागरीसारखं बांधा. हवा येते, धुता येतं आणि उंची एवढीच की पिल्लाला उडी मारायला वाव नाही. मी शेतात कोंबडीची पिल्लं अशीच ठेवतो. खाली पोत्यापेक्षा सतरंजीचा तुकडा बरा, पोत्याच्या दोऱ्यात नख अडकतं.

अंगणवेल | मंगळवार, रात्री

भाजीवाल्या भाऊंनी दोन कॅरेटं तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. एका कोपऱ्यात शूसाठी केकचं पसरट भांडं ठेवलंय, त्यात वर्तमानपत्राच्या पट्ट्या. वाळू घातली असती तर पट्टीत शिरली असती.

पण ती रडते हो. संध्याकाळी सात ते नऊ एकसारखी. पुढचा पंजा कॅरेटच्या भोकातून बाहेर काढून माझी ओढणी ओढते. सासूबाई जेवल्या नाहीत. म्हणाल्या, जखमी जीवाला कोंडून ठेवलंय, हे बघवत नाही.

रातवा | मंगळवार, रात्री

त्यांना सांगा, दुखणं कमी झाल्यामुळेच ती रडतेय. ज्या पिल्लाला खूप दुखतं ते कोपऱ्यात गोळा होऊन गप्प बसतं. रविवारी ती गप्प होती ना? कॅरेट तुमच्या पायाशी ठेवा, वरून अर्धं पांघरूण घाला आणि तुमची वापरलेली ओढणी आत द्या. वासाने शांत होतात.

चिंचगूळ | बुधवार

सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे, कारण आमच्या हातून झाली आहे.

आमचं पिल्लू चार महिन्यांचं होतं. घरातच, पलंगावरून खाली उडी मारली आणि मागचा पाय मोडला. दीड-दोन फूट उंची. आम्हाला पटेचना. एक्स-रे लावला तर हाडं मांसापासून वेगळी ओळखूच येईनात, सगळं एकाच करड्या रंगाचं. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? आम्ही अभिमानाने सांगितलं, रोज ताजं बोनलेस चिकन, बाकी काही नाही. तिथेच चूक होती. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढून घेतं. पिल्लू गुबगुबीत दिसत होतं आणि आतून हाडं कागदासारखी झाली होती. दूध-पोळी, दूध-भातावर वाढणाऱ्या पिल्लांनाही दुसऱ्या प्रकारे उणं पडतंच.

ठिपकीला पहिल्या रात्री चिकन दिलं ते बरोबरच होतं, पण महिनाभर तेवढंच देऊ नका.

अंगणवेल | बुधवार

अगं बाई. मी तेच देत होते. मग कॅल्शियमचं सिरप आणू का?

गोठावैद्य | बुधवार

नको. चिंचगूळ यांनी लाख मोलाचं लिहिलंय, पण उपाय सिरप नाही. जास्तीचं कॅल्शियम वाढत्या हाडांना बाधतं. पिल्लांसाठीचं तयार संतुलित खाद्य घ्या, पाकिटावर पिल्लांसाठी असं लिहिलेलं, मोठ्या मांजराचं नाही, कुत्र्याचं तर अजिबात नाही. कोरडं असेल तर कोमट पाण्यात भिजवा. दिवसातून चार वेळा. दर दोन दिवसांनी वजन करा, आठवड्याला ७०-१०० ग्रॅम वाढलं म्हणजे बरं चाललंय.

पट्टीचं बघणं विसरू नका. उघड्या दोन बोटांची नखं एकमेकांना चिकटून असली पाहिजेत. फाकलेली दिसली, बोटं सुजली, गार लागली, पट्टीला वास आला, ओली झाली किंवा ती सारखी चावायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

पाऊलवाट | गुरुवार

पिसवा दिसतात का? आमच्याकडे कुत्र्याची पावडर आहे, चिमूटभर टाकली तर?

गोठावैद्य | गुरुवार

नाही. कुत्र्यांच्या पिसवांच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याचं वाटगं, एवढं पुरेसं. फणीत आलेली पिसू पाण्यात बुडवायची. अंघोळ पट्टी सुटेपर्यंत नाही.

अजून एक, कुत्र्याचं मेलॉक्सिकॅम, म्हणजे दुखण्यावरचं औषध, घरात असेल तर त्यालाही हात लावू नका. मांजराच्या बाटलीत एका मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम असतं, कुत्र्याच्यात दीड. थेंब सारखेच दिसतात, औषध तिप्पट जातं.

अंगणवेल | पुढचा मंगळवार, रात्री १०

लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

आज नववा दिवस. ती इतकी टवटवीत झालीय की पट्टीचा पाय आपटत कॅरेटभर फिरते. दुपारी कॅरेट धुवायला घेतलं आणि तिला पाच मिनिटं मोकळं सोडलं. सासूबाईंनी तिला चटईवर घेतलं होतं. कुकरची शिट्टी झाली, ती दचकली आणि पाटावरून खिडकीच्या कट्ट्यावर चढायला गेली. चढली नाही, पडली. ओरडली नाही, म्हणून मला वाटलं निभावलं. संध्याकाळी नखं बघितली तर दोन बोटं फाकलेली, जाड, पट्टी बोटभर खाली आलेली.

लगेच इथल्या डॉक्टरांकडे नेलं. पट्टी कापल्यावर घोट्याच्या मागच्या बाजूला चार आण्याएवढा लाल ओला चट्टा दिसला, कडा घासून झालेला. हाड नशिबाने तसंच आहे. चट्ट्याला मलम लावून नवीन पट्टी बांधली, आणखी जाड कापूस घालून. शू करताना पट्टी भिजत असणार असंही म्हणाले. आता शूच्या वेळी वरून प्लास्टिकची पिशवी चढवते आणि झाल्याबरोबर काढते.

चट्टा बघून सासूबाई रडल्या. मग स्वतःच उठून कॅरेटची सुतळी घट्ट बांधली. म्हणाल्या, आता डॉक्टर सांगतील तेव्हाच उघडायची.

रातवा | मंगळवार

लाज कसली. बोटं बघितलीत म्हणून कळलं, नाहीतर आठवड्याने वासावरून कळलं असतं.

कॅरेटवाला | बुधवार

कॅरेट धुवायचं असेल तर तिसरं मागून आणा. एकातून थेट दुसऱ्यात. जमिनीवर ठेवायचंच नाही.

अंगणवेल | चोविसावा दिवस

आज पुन्हा घाट ओलांडून शिरवळला गेलो. या वेळी सासूबाईही आल्या, खोकं त्यांच्या मांडीवर.

एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागेभोवती ढगासारखा पांढरट गोळा दिसतो. तेच नवीन हाड, आधी असं ओबडधोबड जमतं आणि नंतर घासून सरळ होत जातं. लहान वय म्हणून इतक्या लवकर, मोठ्या मांजराला याच्या दुपटीने वेळ लागला असता म्हणाले. पट्टी काढली.

आतला पाय बघून पोटात कालवलं. डाव्याच्या निम्मा, केस गेलेले, कातडी सोललेल्या बटाट्यासारखी. चट्टा मात्र कोरडा. तिने पाय खाली टेकला, उचलला, पुन्हा टेकला. घोटा वळतच नव्हता. डॉक्टरांनी मला दाखवलं, पंजा तळहातावर धरायचा, सायकलच्या पायडलसारखा हळू पुढे-मागे करायचा, दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा. तिने मागे खेचला की सोडायचा, ओढायचं नाही. अजून दोन आठवडे उडी बंद. लंगडणं थांबलं म्हणजे हाड पक्कं झालं असं समजू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वजन ८७० ग्रॅम. पहिली लस पुढच्या आठवड्यात, तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा, रेबीजची तीन महिन्यांची झाली की. माझीही चौथी सुई पाच दिवसांनी.

गिरणगाव | चोविसावा दिवस

वाचून डोळे भरले. आजींना नमस्कार सांगा.

पाऊलवाट | पंचविसावा दिवस

धागा वाचून आमच्या सोसायटीत पाटी लावली: गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, चाकांवर नजर टाका. पावसात पिल्लं इंजिनच्या उबेला आत शिरतात. काल एक थापेनंतर खालून पळालं.

अंगणवेल | दीड महिन्यानंतर

धागा वर काढते. ठिपकी आज खिडकीच्या त्याच कट्ट्यावर चढून बसलीय, बाहेर पाऊस बघत. उजवा पाय बसताना किंचित बाहेर राहतो, पळताना ओळखू येत नाही. केस आलेत, मधे एक पांढरी रेघ उमटलीय, आधी नव्हती. कॅरेट सासूबाईंनी टाकू दिलं नाही, ती दुपारी आपणहून आत जाऊन झोपते.

मोगरी | त्याच दिवशी, रात्री ९.१५

नवीन सभासद आहे, शोधताना हा धागा सापडला. आत्ता गच्चीवरून मांजरीचं पिल्लू खाली पडलंय, पुढचा पाय टेकत नाही, सारखं ओरडतंय. घरात पॅरासिटामॉलचं सिरप आहे, लहान मुलांचं, ते चालेल का?

अंगणवेल | ९.१६

देऊ नका, एक थेंबही नाही. आधी ओठ उचलून हिरड्यांचा रंग सांगा. तोंड उघडून श्वास घेतंय का ते बघा, शू झाली का ते बघा. छोटं खोकं घ्या, आत सुती कपडा घाला. तुम्ही कुठल्या गावात आहात? मी जागी आहे.